ज्याचे माप त्यालाच लावा

ग्रेहाउंडचे आजारपण निभावताना रक्ताच्या अहवालापासून अखेरच्या निर्णयापर्यंत त्याला दुसऱ्याच्याच पट्टीने मोजले जाते. त्याची किंमत तो मुका जीव मोजतो आणि त्याच्यासोबत सारे घरही.

शर्यतीच्या मैदानावर ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा ग्रेहाउंड घरात आला की दिवसाचा बहुतेक वेळ सोफ्यावर आडवा पडून काढतो. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात असे हजारो कुत्रे शर्यतीतून बाद झाल्यावर कुटुंबांत दत्तक जातात. तेव्हा त्यांचे वय साधारण दोन ते पाच वर्षांचे असते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये या शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथल्या शर्यती थांबल्या. न्यूझीलंड सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये बंदीची घोषणा केली. हे स्वागतार्हच आहे. पण मैदान बंद झाले म्हणून त्या कुत्र्यांचे आयुष्य संपत नाही. त्यांचे म्हातारपण आणि दुखणी त्यांना घेऊन येणाऱ्या घरांच्या वाट्याला येतात. शर्यतीवर कमावणारे वेगळे आणि आजारपण काढणारे वेगळे, असा हा हिशेब आहे.

मराठी वाचकाला हा प्राणी वाटतो तितका परका नाही. सोलापूर, लातूर, सांगली भागातला कारवानी आणि पशमी, सीमेपलीकडचा मुधोळ हे सारे त्याच घडणीचे. खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय, अंगावर चरबीचा लवलेश नाही. नजरेने सावज हेरून त्याचा पाठलाग करण्यासाठी माणसाने शेकडो वर्षांत घडवलेले हे कुत्रे. त्यामुळे ग्रेहाउंडच्या आजारपणाविषयी विज्ञानाने जे शोधले, त्यातला बराच भाग आपल्या धनगरवाड्यावरच्या आणि आता शहरी सदनिकांतही दिसू लागलेल्या कारवानीच्या मालकाने समजून घेण्यासारखा आहे. ज्यांच्या घरी कोणताही कुत्रा म्हातारा होतो आहे, त्यांनाही त्यातले पुष्कळ लागू पडेल.

प्रथम हे कुत्रे कशाने आजारी पडतात ते पाहू. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पाच हजारांहून अधिक ग्रेहाउंडच्या दवाखान्यातील नोंदी तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वाधिक आढळलेले दुखणे दातांचे आणि हिरड्यांचे होते. सुमारे ३९ टक्के कुत्र्यांत ते नोंदले गेले. मृत्यूच्या कारणांत मात्र कर्करोग पहिला आला. साधारण दर पाच मृत्यूंमागे एक. या जातीत हाडांच्या कर्करोगाचे, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचे, प्रमाण इतर अनेक जातींपेक्षा बरेच जास्त असल्याचे पशुवैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणजे ग्रेहाउंड घरी आणणाऱ्याने कधी ना कधी एखाद्या गंभीर आजाराशी गाठ पडेल, हे मनाशी धरूनच चालायला हवे.

त्या गाठीची पहिली पायरी असते रक्ताची तपासणी, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. प्रयोगशाळेच्या अहवालात आकड्यांशेजारी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते. ती वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांवरून काढलेली असते. ग्रेहाउंडचे शरीर या सरासरीत बसत नाही. त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतके जास्त असते की हिमॅटोक्रिट ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत असणे त्याच्यासाठी नेहमीचेच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र इतर कुत्र्यांपेक्षा कमी. स्नायू भरपूर असल्याने क्रिएटिनिन थोडे वर. थायरॉइडचे टी-४ हे संप्रेरक तर निरोगी ग्रेहाउंडमध्येही छापील मर्यादेच्या खाली असते. हृदय शरीराच्या मानाने मोठे असते आणि स्टेथोस्कोपला हलकी घरघर ऐकू येणेही त्याच्याबाबतीत अनेकदा निर्धोक असते. ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. गिलेर्मो कूटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेगळेपणाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

याचा परिणाम काय होतो? दहा वर्षांचा कुत्रा जरा सुस्त झाला म्हणून तपासणी होते. क्रिएटिनिन वर दिसते, तेव्हा मूत्रपिंडाचा विकार ठरतो. टी-४ खाली दिसते, तेव्हा थायरॉइडच्या गोळ्या आयुष्यभरासाठी चिकटतात. प्लेटलेट कमी दिसतात, तेव्हा गोचिडांपासून होणाऱ्या तापाचा संशय घेऊन औषधे सुरू होतात. आपल्याकडे तो ताप सर्रास आढळतो, त्यामुळे संशय चुकीचाही म्हणता येत नाही. पण आकडा त्या जातीच्या मापाने वाचला नाही तर नसलेल्या आजारावर उपचार होतात आणि सुस्तीचे खरे कारण तसेच राहते. याच्या उलटही घडते. हिमॅटोक्रिट ४० टक्के असलेला अहवाल पाहून कोणीही निश्चिंत होईल; ग्रेहाउंडमध्ये मात्र तो आकडा रक्त कमी झाल्याची खूण असू शकतो.

यावरचा उपाय साधा आणि तुलनेने स्वस्त आहे. कुत्रा ठणठणीत असताना एकदा पूर्ण रक्ततपासणी करून तो कागद जपून ठेवावा. पुढे आजारपणात तुलना करायची ती त्या कागदाशी. केमोथेरपीची वेळ आली तर त्याचे मोल विशेष कळते. पुढचा डोस द्यायचा, लांबवायचा की कमी करायचा, हे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या संख्येवरून ठरते. मुळातच ज्याच्या पेशी कमी, त्याचा डोस केवळ छापील मर्यादेकडे पाहून विनाकारण लांबवला जाण्याची भीती असते.

भूल आणि शस्त्रक्रियेचेही तेच. थायोपेन्टोन हे भुलीचे जुने आणि स्वस्त औषध आपल्याकडच्या पशुवैद्यकात दीर्घकाळ वापरले गेले. ते दिल्यावर इतर कुत्रे लवकर उठतात, पण ग्रेहाउंडला पूर्ण शुद्धीवर यायला कित्येक तास लागू शकतात. ते साठवायला अंगात चरबी नाही आणि त्याचे विघटन करण्याचा यकृताचा वेगही मंद. म्हणून या जातीसाठी ते टाळून दुसरी औषधे निवडतात. शिवाय शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, टाके कोरडे दिसतात, कुत्रा घरी येतो आणि एक-दोन दिवसांनी जखमेभोवती रक्त उतरू लागते, असा या जातीचा एक खास धोका आहे. नसबंदी केलेल्या ग्रेहाउंडवरच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओहायोच्या चाचणीत रक्ताची गुठळी टिकवून धरणारे औषध न मिळालेल्या गटात ३० टक्के कुत्र्यांना असा उशिरा रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. त्याच प्रकारचे काम करणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल आपल्याकडे सहज मिळते. ते द्यायचे की नाही हे पशुवैद्य ठरवतील, पण शस्त्रक्रियेआधी हा विषय काढणे मालकाच्या हातात आहे.

आता या जातीच्या सर्वांत कठीण आजाराकडे वळू. हाडाचा कर्करोग बहुतेक वेळा साध्या लंगडण्याने सुरू होतो. मनगटाच्या जरा वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आसपास हाड आतून पोखरले जात असते. बाहेरून मात्र पाय मुरगळल्यासारखा दिसतो. निवृत्त धावपटूच्या बाबतीत फसायला आणखी कारणे असतात. मैदानावर कायम डावीकडे वळत धावल्याने उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातील हाड मोडणे ही त्यांची ठरलेली दुखापत. तिची जुनी कळ पुन्हा उठली असे वाटते. पंजाच्या गादीत कुरूप होणे हाही याच जातीचा त्रास आणि त्यानेही कुत्रा लंगडतो. वेदनाशामक दिले की कर्करोगाचे लंगडणेही काही दिवस कमी होते. घरचे निर्धास्त होतात. औषध थांबते, पाय पुन्हा उचलला जातो, तोवर काही आठवडे हातचे गेलेले असतात. कधी तर पहिले निदान होते ते पोखरलेले हाड अंगणात साधी उडी मारताना मोडल्यावर.

म्हणून नियम असा ठेवावा: मध्यम वय ओलांडलेला मोठ्या चणीचा कुत्रा आठवडाभराहून अधिक लंगडला, किंवा बरा होऊन पुन्हा लंगडू लागला, तर पायाचा दोन बाजूंनी एक्स-रे काढून घ्यावा. आणि घरातल्या डब्यातली माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजाने देण्याची गोष्ट नव्हे.

वेदना ओळखण्यातही आपण आपलेच माप लावतो. माणूस दुखले की कण्हतो, म्हणून कुत्राही विव्हळेल अशी आपली अपेक्षा. ग्रेहाउंड तसा एरवी बारीकसारीक खरचटण्यानेही किंचाळणारा प्राणी. पण खोल, सततच्या दुखण्यात तो बहुधा गप्प होतो. सोफ्यावर चढण्याआधी थबकतो. जिना टाळतो. रात्री जागा बदलत राहतो. धाप लागण्याचे काही कारण नसताना धापतो. आवडीचा माणूस दारात आला तरी उठत नाही. हे बदल दवाखान्यातल्या दहा मिनिटांत डॉक्टरांना दिसत नाहीत, कारण तिथे भीतीने तो ताठ उभा असतो. ते दिसतात घरातल्या माणसाला. मोबाइलवर काढलेली चालण्याची आणि उठण्या-बसण्याची छोटी चित्रफीत निदानाला मोठी मदत करते.

निदान झाल्यावर आकडे प्रामाणिकपणे समोर ठेवायला हवेत. कुत्र्यांतील हाडाच्या कर्करोगात निदानाच्या वेळीच बहुतेकांच्या फुप्फुसांत सूक्ष्म प्रसार झालेला असतो, जरी एक्स-रेत तो दिसला नाही तरी. केवळ पाय काढला तर साधारण चार ते पाच महिने, आणि त्यासोबत केमोथेरपी दिली तर दहा ते बारा महिने, असे मध्य आयुर्मान मानले जाते. मध्य म्हणजे निम्मे कुत्रे त्याआधी जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात. काही थोडे दोन वर्षांपलीकडेही. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर किरणोपचार, हाडांची झीज रोखणारी औषधे आणि वेदनाशामके यांच्या आधाराने काही महिने सुसह्य करता येतात. नुसता आराम देणे हादेखील उपचारच आहे, त्यात कसूर नाही.

पाय काढायचा म्हटले की बहुतेक घरांत रडारड होते. 'आयुष्यभर धावलेल्या जिवाचा पाय कसा काढायचा?' हा प्रश्न माणसाचा आहे. गेलेल्या पायाची खंत, लोक काय म्हणतील याची लाज, उद्याची चिंता हे ओझे कुत्रा आपल्यासारखे वाहत नाही. त्याच्यासाठी तो पाय आधीच निकामी झालेला आणि सतत ठणकणारा असतो. बाकीचे तीन पाय धड असतील तर बरेच कुत्रे काही दिवसांत तीन पायांवर फिरू लागतात. पाठीच्या कण्याचा किंवा इतर सांध्यांचा जुना विकार असेल तर मात्र हा मार्ग योग्य ठरत नाही, आणि ते आधी तपासावे लागते. केमोथेरपीविषयीही आपल्या मनात माणसांच्या वॉर्डातली चित्रे असतात. कुत्र्यांना डोस तुलनेने कमी देतात, कारण तिथे हेतू जमेल तितके चांगले दिवस मिळवण्याचा असतो. उलट्या, जुलाब, एखाद-दुसरा मलूल दिवस येतो. ताप आला तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो. डोसनंतर काही दिवस त्याचे मलमूत्र हातमोजे घालूनच साफ करावे आणि गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी त्यापासून दूर राहावे.

या आजाराकडे माणसांच्या वैद्यकाचेही लक्ष आहे. किशोरवयीन मुलांना होणारा ऑस्टिओसार्कोमा आणि कुत्र्यांमधला यांत पुष्कळ साम्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ पासून पाळीव कुत्र्यांवर, मालकांच्या संमतीने, उपचारांच्या चाचण्या करण्याचा कार्यक्रम चालवला आहे. युरोपात २००९ मध्ये मुलांच्या हाडांच्या कर्करोगासाठी मंजूर झालेले मिफामुर्टाइड त्याआधी कुत्र्यांवरच्या चाचण्यांतून गेले होते. सिरोलिमस या औषधाची तीनशेहून अधिक कुत्र्यांवर झालेली चाचणी मात्र २०२१ मध्ये निष्फळ ठरली. तोही एक धडाच.

पण आजारपण खऱ्या अर्थाने निघते ते घरात, आणि तिथले शास्त्र हाताने करायचे असते. ग्रेहाउंडच्या हाडांवर मांस-चरबीची गादी नसते, म्हणून नुसत्या सतरंजीवर पडून त्याला कोपरांना आणि कमरेला जखमा होतात. जाड गादी हवी आणि दिवसातून अनेकदा कूस बदलून द्यायला हवी. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर तीन पायांचा किंवा अशक्त कुत्रा घसरतो, तिथे रबरी पट्ट्या किंवा पायपुसणी अंथरावीत. उठवताना पोटाखालून टॉवेलची झोळी धरली की त्यालाही आधार आणि आपल्या पाठीलाही. त्याची त्वचा कागदासारखी पातळ, पटकन फाटते. थंडीत अंगावर कपडा आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर अजिबात नाही. मोठ्या स्नायूंमुळे त्याचे अंग लवकर तापते. भूक मंदावली तर अन्न कोमट करून, थोडे थोडे, हाताने भरवावे. उकडलेली कोंबडी आणि मऊ भात चालतो. कांदा, मनुका आणि चॉकलेट कधीच नाही. औषधांचे वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावावे, म्हणजे एक गोळी दोघांनी दोनदा देण्याचा घोळ होत नाही.

हे सारे करणाऱ्या माणसाकडे मात्र कोणी पाहत नाही. अमेरिकेच्या केंट स्टेट विद्यापीठातील मेरी बेथ स्पिट्झनागेल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आजारी प्राण्यांच्या आणि निरोगी प्राण्यांच्या पालकांची तुलना केली. आजारी प्राण्याची शुश्रूषा करणाऱ्यांत ताण आणि नैराश्य-चिंतेची लक्षणे अधिक होती आणि त्यांचे स्वतःचे जीवनमान खालावलेले होते. स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांची काळजी घेणाऱ्यांचा ताण मोजण्यासाठी जी प्रश्नावली वापरतात, तिच्यावरच हा अभ्यास बेतला होता. 'कुत्र्यासाठी एवढे काय' असे शेजारी म्हणतात, आणि रात्री तीनदा उठलेली बाई सकाळी मुकाट्याने कामावर जाते. खर्चाचेही तसेच. उपचारांना लाखभर रुपये लागतील की काही हजार, हे पहिल्या भेटीतच विचारावे आणि डॉक्टरांनीही न संकोचता सांगावे. परवडत नाही म्हणून आरामाचा मार्ग निवडणारा माणूस कमी माया करणारा ठरत नाही.

शेवटी येतो तो निर्णय, ज्याचे नावही अनेक घरांत उच्चारत नाहीत. दयामरण. त्याबद्दल एक टोक म्हणते, जीव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरे म्हणते, आजारी पडला की संपवून टाका. दोन्ही ठिकाणी कुत्रा बाजूलाच राहतो. अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी सुचवली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यात अर्थ आहे. या गुणांत गणिताची अचूकता नाही. फायदा इतकाच की सात प्रश्नांपैकी एकही आपल्याविषयी नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री चांगल्या दिवसाला एक खूण आणि वाईट दिवसाला दुसरी करीत गेले, तर काही आठवड्यांत जे तोंडाने बोलवत नाही ते कागदावर दिसू लागते. आणि हा निर्णय तो अगदी खचल्यावर, मध्यरात्री, धावपळीत घेण्यापेक्षा शांतपणे, घरच्या माणसांच्या सोबतीने घेतलेला बरा. एखादा आठवडा लवकर झाला, ही रुखरुख एक आठवडा उशीर झाल्याच्या रुखरुखीपेक्षा सोसायला हलकी असते, असे अनेक पशुवैद्य सांगतात.

व्यवस्थेकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. प्रयोगशाळांनी नमुना घेताना कुत्र्याची जात विचारावी आणि अहवालात तिचा उल्लेख करावा. कारवानी, पशमी, मुधोळ यांच्यासाठी जातीनिहाय संदर्भमूल्ये रोजच्या दवाखान्यात वापरात यावीत. देशी जातींचा अभिमान मिरवणुकीपुरता न ठेवता त्यांच्या आजारपणापर्यंत न्यायचा असेल तर सुरुवात इथून होते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत वेदनाव्यवस्थापन आणि अखेरच्या काळातील शुश्रूषा यांना शस्त्रक्रियेइतकेच स्थान मिळावे. आणि परदेशात असो वा इथे, कुत्रा घरी आणणाऱ्या कुटुंबाने पहिल्या आठवड्यात पट्टा आणि गादी घेतानाच त्याची एक फाइलही करावी: निरोगी असतानाचे रक्त, वजन, दातांची अवस्था, जुन्या दुखापती. पुढे कधीतरी घाईच्या वेळी अनोळखी डॉक्टरांच्या टेबलावर ती फाइल उघडली जाईल, आणि त्या कुत्र्याला त्याच्याच मापाने मोजता येईल.